साहेबांना काय चालत नाही

५ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

साहेब काल संध्याकाळी आमच्याकडे सुखरूप पोचले. मुलांनी निघताना बजावलंय की दोघींनी एकमेकींना फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. कारण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कोणीच नाही. पत्रात निदान एकीचं संपेपर्यंत दुसरीला थांबावं लागतं, असं सूनबाई म्हणाली. तुमची पावाची गाडी दर आठवड्याला इकडे येतेच, तिच्याबरोबर हे पत्र धाडते आहे.

कुत्र्याला साहेब म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. पण मुलांनी ठेवलेलं नाव, आणि दुसऱ्या कुठल्या नावाला तो वळूनही बघत नाही. आल्या आल्या ह्यांच्या आरामखुर्चीत चढून बसला आणि आम्ही दोघं कामावर उशिरा आलो असल्यासारखा आमच्याकडे बघत राहिला. तेव्हापासून मीही साहेब म्हणते. तोंडातून अहो-जाहोसुद्धा निघून जातं.

मुलं सहा महिन्यांच्या कामावर गेलीत, तिथल्या क्वार्टर्समध्ये कुत्रं चालत नाही. ठरल्याप्रमाणे एप्रिलअखेर साहेब आमच्याकडे, मग तुमच्याकडे. तुम्हाला आधी हवे होते हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे रोपांच्या नर्सरीची मोकळी जागा आहे, आणि मुलगा माझा आहे.

साहेबांबरोबर तुम्ही पाठवलेला केक मिळाला. छान होता. फक्त त्यात मूठभर मनुका होत्या. तुम्हाला कल्पना नसेल म्हणून सांगते, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला अजिबात चालत नाहीत, थोड्याशानंही मूत्रपिंड बंद पडू शकतं. आम्ही दार लावून केक खाल्ला. ह्यांची साखर वाढलीय, त्यामुळे ह्यांनी दोनच तुकडे घेतले, असं ते म्हणतात. तुमचा हेतू चांगलाच असणार.

आपली,
नर्सरीवाली विहीण

१२ फेब्रुवारी

विहीणबाई, तुम्हाला नमस्कार, व्याह्यांना नमस्कार आणि साहेबांच्या डोक्यावरून माझा हात फिरवा.

केक माणसांसाठी होता हो! डब्यावर कुठं लिहिलं होतं का, साहेबांस सप्रेम भेट म्हणून? सगळं आयुष्य भट्टीपुढं गेलं माझं. कुत्र्याला केक भरवणाऱ्यांतली मी वाटते का तुम्हाला? पण असू दे. तुमचाही हेतू चांगलाच असणार.

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगते. लेकीनं पाठवलेल्या फोटोत तुमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना कण्हेर फुललेली दिसली. कण्हेरीचं पान, फूल, काटकी, सगळं विषारी, थेट हृदयावर जातं. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांच्या पानांचा डिफेनबाकिया आहे, तो चावला तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. तुमच्या त्या ऐटबाज सायकसचं बी पोटात गेलं तर यकृत संपलं. आणि एरंडीची पेंड! खत म्हणून तुम्ही पोत्यांनी ठेवता ना? कुत्र्यांना तिचा वास म्हणे फार आवडतो, आणि खाल्ली की जिवाशी येतं.

हे मला कुणी सांगितलं म्हणाल, तर प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे रोज पाव न्यायला येतात. त्यांना गाठून मी तुमच्या नर्सरीतलं एकेक झाड विचारलं. मागं रांग लागली होती, लागू दे म्हटलं.

लेक लग्न होऊन गेल्यापासून मी भट्टीशी बोलत असते. ती ऐकते, पण उत्तर देत नाही. साहेब कधी येतात असं झालंय मला. तोवर त्यांना जपा. एवढंच मागणं आहे.

आपली,
बेकरीवाली विहीण

१९ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र वाचलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी एक म्हण आहे. सहज आठवली.

आमची झाडं आम्ही विकतो, खात नाही, आणि साहेबही खात नाहीत. ते फार तर त्यांच्या बुंध्याशी जे करायचं ते करतात. तरी तुमच्या माहितीसाठी, फाटकाजवळच्या कण्हेरी आम्ही मागच्या कुंपणापलीकडे हलवल्या आहेत. त्यांना ऊन कमी पडत होतं. तुमच्या पत्राशी त्याचा काही संबंध नाही. सायकसही त्यांच्या सोबतीला गेले. डिफेनबाकिया शेजारच्या बाईंना किती दिवसांचा हवा होता, तो देऊन टाकला. पेंडीची पोती माळ्यावर चढवली, कारण उंदीर झालेत.

आता तुमच्या घराचं. इथल्या डॉक्टरांना मीही विचारून आले. चॉकलेट कुत्र्याला विष आहे, आणि जेवढं काळं तेवढं वाईट. कांदा-लसूण घातलेला पाव रक्त नासवतो. सगळ्यांत कहर म्हणजे तुमचं भिजवलेलं पीठ. खमीर घातलेला कच्चा गोळा साहेबांनी गिळला तर तो पोटातही फुगतच राहणार, आणि वर त्याची दारू होणार. म्हणजे आमच्याकडून साहेब शुद्धीत निघायचे आणि तुमच्याकडे पिऊन पडायचे! तुमच्याकडे पीठ टेबलावर उघडंच फुगत ठेवलेलं असतं, असं सूनबाईनं एकदा कौतुकानं सांगितलं होतं. मला तेव्हाही कौतुक वाटलं नव्हतं.

मे महिन्याच्या आत ह्याचा विचार करून ठेवावा. नाहीतर साहेब इथंच बरे आहेत.

आपली,
नर्सरीवाली विहीण

२६ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

‘नाहीतर साहेब इथंच बरे’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना भट्टीतली खारी करपली.

ठरलं ते ठरलं. मे महिन्यात साहेब माझ्याकडे येणार म्हणजे येणार. उगीच गैरसमज नको म्हणून लिहिते, चॉकलेट मी अगदी वरच्या फळीवर नेऊन ठेवलंय, खाली उकाड्यानं वितळत होतं. भट्टीच्या खोलीला सुताराकडून अर्धं दार बसवून घेतलं, गिऱ्हाइकं उगाच आत डोकावतात. आणि पिठाच्या पातेल्यांवर आता झाकणं असतात, त्यांच्यावर पाट्याचे दगड. धूळ फार झालीय हो हल्ली.

जाऊ द्या, भांडण पुरे. व्याह्यांची साखर वाढल्याचं तुम्ही लिहिलंत तेव्हापासून माझ्या जिवाला लागून राहिलंय. गोडघाश्या माणसाला गोड बंद म्हणजे शिक्षाच की. म्हणून खास त्यांच्यासाठी साखर नसलेली बिस्किटं करून पाठवतेय. गोडी आहे, पण साखर कणभर नाही. मुद्दाम वेगळी पावडर मागवली, झाडाच्या सालीपासून करतात म्हणे. म्हणजे तुमच्याच खात्यातली! साखरवाल्या माणसांना चालते, दात किडत नाहीत, सगळे गुण आहेत. पहिल्या घाण्यातली सगळी दगडासारखी कडक झाली, ती मीच खाल्ली. ह्या घाण्यातली मऊ आहेत.

मनुका नाहीत, चॉकलेट नाही, कांदा नाही. आता तरी नाव ठेवायला जागा सापडू नये.

आपली,
बेकरीवाली विहीण

५ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

बिस्किटं मिळाली. तुम्ही ह्यांची आठवण ठेवून एवढी खटपट केलीत, हे मला मनापासून आवडलं. तसं लिहायला मला वेळ लागतो, पण लिहिते.

ह्यांना बिस्किटं इतकी आवडली की डबा चार दिवसांत रिकामा. रोज चहा झाला की दोन बिस्किटं हातात घेऊन रोपांना पाणी घालायला जातात आणि खाऊन परत येतात. मी म्हटलं, इथं बसून खा की. तर म्हणाले, मोकळ्या हवेत जास्त चांगली लागतात. लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या पदार्थाबद्दल हे वाक्य मी ऐकलेलं नाही. जमलं तर आणखी पाठवा.

साहेब मजेत. परवा त्यांनी माझी चप्पल खाल्ली. चप्पल चालते का, ते विचारून ठेवा तुमच्या डॉक्टरीणबाईंना.

आपली,
नर्सरीवाली विहीण

१२ मार्च

विहीणबाई!

तुमचं पत्र मी काउंटरवर उभ्या उभ्या दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी अभिनंदन केलं. तुमच्याकडून शाबासकी म्हणजे काय असते ते त्यांना काय ठाऊक!

दुप्पट पाठवतेय. मोठा डबा. आणि ह्या खेपेला ती पावडर जरा सढळ हातानं घातलीय, व्याह्यांना गोडी कमी पडायला नको. त्यांना म्हणावं, मोकळ्या हवेत खा नाहीतर बंद खोलीत, पण संपवा. संपली की पुढचा डबा तयार.

चप्पल चालत नाही. आतड्यात अडकते. डॉक्टरीणबाई हसल्या, पण सांगितलं तसंच.

साहेबांसाठी मी कोपऱ्यात एक गादी टाकलीय. अजून दीड महिना आहे, ठाऊक आहे. टाकून ठेवली.

आपली,
बेकरीवाली विहीण

२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

मध्ये दोन गाड्या पत्राशिवाय परत गेल्या, माफ करा. साहेबांना जरा बरं नव्हतं. आता बरे आहेत, काळजीचं कारण नाही. कण्हेरीचं पान तोंडात गेलं असं दिसतं. चूक आमची. तुम्ही सांगत होतात तेच खरं होतं.

ह्यांना डॉक्टरांनी आता बिस्किटं-बिस्किटं सगळंच बंद केलंय, साखरेची आणि बिनसाखरेचीही. तेव्हा आता पाठवू नका. तुमची बिस्किटं फारच छान होती.

आपली,
नर्सरीवाली विहीण

९ एप्रिल

विहीणबाई,

नमस्कार राहू दे. आधी सांगा, काय झालंय?

‘तुम्ही सांगत होतात तेच खरं होतं’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही! मला! हे वाक्य वाचून मी तुमची जुनी पत्रं काढून बसले. आपल्या मुलांच्या लग्नात हार कुठल्या रंगाचे असावेत ह्यावर तुम्ही माघार घेतली नव्हती, आणि आता एका पत्रात दोन वाक्यांत सगळी चूक पदरात घेऊन मोकळ्या? साहेब बरे आहेत ना? खरं सांगा. आहेत ना?

आणि कण्हेर कुठली? ती तर तुम्ही फेब्रुवारीतच कुंपणापलीकडे नेलीत, ऊन कमी पडत होतं म्हणून. तुमचं पत्र माझ्यापुढं आहे. साहेब काय कुंपण ओलांडून कण्हेर शोधत गेले?

गाडीवाल्यालाही खोदून विचारलं. तो म्हणाला, दोन्ही खेपांना घराला कुलूप होतं. तुम्ही नर्सरीला कधी कुलूप लावता? लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी रोपांना पाणी घालून आलेल्या तुम्ही!

माझ्यापासून लपवू नका. साहेब गेले असतील तर तसं लिहा. मी गादी उचलून ठेवेन आणि कुणाला काही बोलणार नाही.

बेकरीवाली

११ एप्रिल

विहीणबाईंना, त्यांच्या व्याह्यांचा नमस्कार.

हे पत्र मी हिला न सांगता लिहितो आहे आणि गाडीबरोबर न देता पोस्टात टाकतो आहे. तुमचं पत्र हिनं वाचलं, घडी घातली, आणि तेव्हापासून एकाच रोपाला पाणी घालत उभी आहे. ते रोप आता बुडेल. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

पहिली गोष्ट, साहेब जिवंत आहेत. आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून घोरत आहेत. आधी हे वाचा, मग पुढचं.

तुमची बिस्किटं मला आवडली नव्हती. लिहितानासुद्धा लाज वाटते. तुम्ही प्रेमानं केलेली, आणि विहिणीच्या घरचा डबा, नको कसा म्हणणार? आणि खाऊ तरी कसा? तोंडात गारगार काहीतरी व्हायचं, मंजन खाल्ल्यासारखं. म्हणून पहिल्या डब्यातली सगळी बिस्किटं मी एकेक करून कुंड्यांत पुरली. मुंग्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हिला वाटलं मला फार आवडली. तिनं तसं तुम्हाला लिहिलं. मग मोठा डबा आला. त्या दिवशी चहाला ही माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आज माझ्यापुढं खा, विहीणबाईंना सांगायला हवं कशी खाता ते. आता काय करणार? साहेब टेबलाखाली होते. एक मी खाल्लं, आणि ही चहा ओतायला वळली की एकेक करून चार त्यांना दिली. त्यांना आवडली हो. तुमची बिस्किटं मनापासून खाणारा आमच्या घरात तेवढा एकच निघाला.

अर्ध्या तासात साहेब ओकले. मग उठायला गेले तर पाय फाकले, तोल जाऊन भिंतीवर आपटले, डोळे भलतीकडेच. हिला वाटलं झाड खाल्लं. ती नर्सरीभर पळत सुटली, कुठं कुरतडलेलं पान दिसतंय का बघत. एकही नव्हतं. मग डॉक्टरांना फोन लावला आणि घरातल्या सगळ्या झाडांची नावं धडाधडा सांगितली. ते विचारत होते, पण खाल्लं काय? आणि मी गप्प उभा. विहीणबाई, एका बिस्किटाच्या भिडेपायी मी तेवढा वेळ गप्प उभा राहिलो. ते मला सहन होत नाही अजून.

शेवटी बोललो. हिनं तुमचं पत्र काढून त्यातली ती सालीची पावडर डॉक्टरांना वाचून दाखवली. ते ओरडलेच. माणसाला चालते, पण कुत्र्याच्या अंगात गेली की रक्तातली साखर एकदम खाली येते, आणि नंतर यकृतही जाऊ शकतं. म्हणाले, हिरड्यांना साखरेचं पाणी नाहीतर मध चोळा आणि तसेच निघा. आता आमच्या घरात माझ्यापायी साखरेचा दाणा नाही. ही रिकामे डबे उघडतेय, रडतेय. मी गेलो आणि कुंड्यांच्या शेडमधून, उपड्या ठेवलेल्या मोठ्या कुंडीखालून मधाची बाटली घेऊन आलो. अर्धी संपलेली. हिनं माझ्याकडे जे बघितलं ते अजून अंगावर येतं. मग बोटानं मध चोळत राहिली.

रोपांच्या टेम्पोतून नेलं त्यांना. सलाईन लागलं, सलग कितीतरी दिवस रक्त तपासत होते. ही दवाखान्यातल्या बाकावरून हलली नाही. कुलूप त्यामुळे होतं. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली तेव्हा ही मला काय म्हणाली ते सांगतो, त्यासाठीच हे पत्र. म्हणाली, ‘विहीणबाईंना कळता कामा नये. त्यांचा जीव आहे ह्याच्यावर. कळलं तर त्या भट्टी विझवून बसतील.’

म्हणून कण्हेर. हिला खोटं बोलता येत नाही, सवय नाही. मला आहे, पण मला विचारलंच नाही.

दोष माझा आहे. तुमचा नाही, हिचा नाही.

आपला,
व्याही

१६ एप्रिल

विहीणबाई,

मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते सांगणार नाही. त्यांना मध आवडतो, एवढंच म्हणते. त्यांना रागावू नका.

मी भट्टी विझवून बसले होते. तुम्ही म्हणालात तसंच. दोन दिवस दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी दार वाजवून वाजवून उघडायला लावलं. ती पावडर मी सगळी फेकून दिली, डबासुद्धा. मग डॉक्टरीणबाई पाव न्यायला आल्या, तेव्हा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, मला विचारायचं ना आधी.

विचारायचं ना! मी त्यांना तुमची कण्हेर विचारली, सायकस विचारला, डिफेनबाकिया विचारला, पेंड विचारली, चप्पलसुद्धा विचारली. बाई रोज माझ्या काउंटरपुढं उभी असते हो, हातभर अंतरावर! आणि माझ्या स्वतःच्या हातातली पावडर कुत्र्याला चालते का, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. कारण ती तुमच्या घरातली नव्हती. मी साहेबांना जपतच नव्हते, विहीणबाई. मी तुमच्या चुका शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि तुम्ही माझी चूक उचलून आपल्या अंगावर घेतलीत. मी असते तर घेतली असती का? मला नाही वाटत. मी गाडीवर लाऊडस्पीकर लावून सांगितलं असतं. म्हणून जास्त रडू येतं.

तर आता ऐका. साहेबांना माझ्याकडे पाठवू नका. मे महिन्यातही नको, पुढेही नको. माझा स्वतःवर भरवसा राहिलेला नाही. इथं प्रत्येक फळीवर काहीतरी आहे, आणि जे नाही ते मी प्रेमानं करून घालीन, ही भीती आणखी मोठी. गादी मी गुंडाळून ठेवली. मुलांना मीच लिहिणार आहे काय झालं ते. लेक चिडेल, चिडू दे.

तुमची झाडं फार सुरेख आहेत. हे कधी सांगितलं नव्हतं.

आपली,
बेकरीवाली विहीण

३० एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

ज्यांना मध आवडतो त्यांना मी रागावले. दोन दिवस. मग सोडून दिलं, कारण कुंड्या उपसल्या तर बिस्किटं जशीच्या तशी निघाली, एकाही कुंडीत बुरशीसुद्धा नाही. मला हसू आवरेना. ते आधी घाबरले, मग तेही हसले.

मुलांना तुम्ही लिहायच्या आधी मी कळवलंय. जे झालं तेच सांगितलं. बिस्किटं विहीणबाईंनी मायेनं केली, ह्यांनी भिडेनं टेबलाखाली दिली, मी समोर बसून मला दिसलं नाही, आणि साहेबांनी एकदाही नको म्हटलं नाही. साहेबांसकट चौघांत वाटून टाकलं तर कुणाच्याच वाट्याला फार येत नाही. सूनबाई आधी रडली, मग तिनं विचारलं, आई जेवतेय का? तेव्हा जेवा.

परवा साहेबांचं रक्त शेवटचं तपासलं. यकृत उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त.

म्हणून साहेब ह्याच गाडीतून येताहेत. पाठवू नका म्हणालात, ते वाचलं. तुम्ही माझं कधी ऐकलंत, जे मी तुमचं ऐकू? ह्या जगात एका बाईला आता ठाऊक झालंय की आपल्या हातून काय होऊ शकतं, आणि ती त्या धास्तीनं दोन दिवस चूल सोडून बसली होती. साहेबांना ठेवायला मला तिच्या घराइतकं चांगलं घर दुसरं दिसत नाही. झाडं लावून इतकी वर्षं काढली मी, विषारी नाही असं घर कुठलं असतं? बघणारं माणूस लागतं, एवढंच. गादी उलगडा.

गाडी फाटकाशी उभी आहे, पत्र संपेपर्यंत थांबवलीय. ती येताच साहेब उडी मारून आत गेले आणि गाडीवाल्याच्या शेजारची जागा धरून बसले. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मी रोपांच्या मागं जाऊन डोळे पुसले. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण खोटं मला जमत नाही हे आता सगळ्यांनाच कळलंय.

एक लिहायचं राहिलं. मुलांचं लग्न झाल्यापासून तुमचे डबे आमच्या घरी कितीदा आले. तुम्ही एकदाही आला नाहीत. मीही कधी बोलावलं नाही. वाटायचं, ही बाई आली तर घरभर बोट फिरवून धूळ बघेल. मुलं साहेबांना न्यायला आमच्याकडेच येणार, त्याआधी त्यांना परत आणायचं आहे. तेव्हा त्यांना गाडीवाल्याबरोबर एकटं पाठवू नका. तुम्ही घेऊन या. चार दिवस राहा. येताना डबा आणू नका.

तुमची,
विहीण